समुद्र मागे हटतो तेव्हा...

२६ डिसेंबर २००४. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची रविवार सकाळ. नागपट्टणम जिल्ह्यातील वेलांकण्णीचा किनारा यात्रेकरूंनी फुलला होता. चेन्नईच्या मरीनावर फिरायला आलेल्यांची वर्दळ होती. सुमात्रा बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत समुद्रतळ हादरला, तो भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी चढले, ते साडेआठ ते नऊच्या दरम्यान. मधले दोन-अडीच तास ही काळाने दिलेली सवलत होती. ती वाया गेली आणि तिची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली.

‘त्सुनामी’ हा जपानी शब्द. ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. ही लाट ना वाऱ्याने उठते, ना चंद्राच्या ओढीने. सुमात्रा आणि अंदमानच्या पश्चिमेस भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली दरवर्षी काही सेंटिमीटर सरकत असतो. दोन्ही जिथे एकमेकांत अडकतात, तिथे शतकानुशतके ताण साठत जातो आणि वरच्या भूपट्टाची कड वाकत जाते. हा ताण एकाएकी सुटला की ती कड उसळी घेते. २००४ मध्ये सुमारे १२०० किलोमीटर लांबीचा पट्टा असा फाटत गेला. भूकंपाची तीव्रता होती ९.१. समुद्रतळ काही मीटर उचलला गेला आणि त्याबरोबर वरची सारी जलराशीही उचलली गेली.

भर समुद्रात या लाटेची उंची जेमतेम अर्धा-पाऊण मीटर होती. वरून जाणाऱ्या जहाजाला अशा लाटेचा पत्ताही लागत नाही. वेग मात्र ताशी सातशे किलोमीटरच्या घरातला, विमानाची आठवण करून देणारा. किनाऱ्याजवळ खोली कमी होते, तसा लाटेचा वेग मंदावतो, मागचे पाणी पुढच्या पाण्यावर चढते आणि समुद्रच जमिनीवर चालून येतो. लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला, तर समुद्र प्रथम दूरवर मागे हटतो, तळ उघडा पडतो, मासे तडफडताना दिसतात. त्या दिवशी अनेक ठिकाणी माणसे हे नवल पाहायला पुढे धावली. ज्या दृश्याने पाठ फिरवून पळायचे, त्याच दृश्याने त्यांना ओढून नेले.

चौदा देशांत मिळून सुमारे २ लाख २७ हजार माणसे या आपत्तीत गेली. भारतात दहा हजारांहून अधिक मृत्युमुखी पडली, पाच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. मृतांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टणम जिल्ह्यातील होती. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. देशाचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकावर शेकडो पर्यटक अडकून पडले. भूकंप झाल्याची वार्ता देशात कोणालाच नव्हती, असे नव्हे. त्या वार्तेचा अर्थ लावणारी यंत्रणा नव्हती आणि तो अर्थ कोळीवाड्यापर्यंत नेणारी वाटही नव्हती.

ती वाट फार खर्चिक असावी लागते, असेही नाही. पुद्दुचेरीजवळच्या नल्लवाडू या मच्छीमार गावात सिंगापूरहून दूरध्वनी आला. गावच्याच एका तरुणाने तिथे दूरचित्रवाणीवर बातमी पाहिली होती. गावात हवामानाचे अंदाज ऐकवण्यासाठी ध्वनिक्षेपक बसवलेला होता. त्यावरून हाक दिली गेली, गाव रिकामे झाले आणि माणसे वाचली. सुमात्रालगतच्या सिमेलू बेटाला तर तेवढाही अवधी नव्हता. तरीही पाऊण लाखाहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात माणसे दगावली. १९०७ मध्ये तिथे अशाच लाटेने मोठा संहार केला होता. ती आठवण आज्या-पणज्यांनी ‘स्मोंग’ या एका शब्दात जपून नातवंडांच्या हाती दिली होती: धरणी जोरात हादरली आणि समुद्र ओसरला, की क्षणभरही न थांबता डोंगर गाठायचा. तिथे यंत्र नव्हते. परंपरा जिवंत होती.

त्यानंतर भारताने बरेच केले, हे मान्य करायला हवे. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र काम करते आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. या वेळी इशारे वेळेवर निघाले. भूपट्ट आडवे घासले गेले, समुद्रतळ फारसा उचलला गेला नाही, म्हणून मोठी लाट उठली नाही. परंतु २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील पालू शहरावर भूकंपानंतर काही मिनिटांतच पाणी चालून आले. यंत्राने सांगावे आणि माणसाने ऐकावे, एवढीही सवड तिथे नव्हती. अंदमान-निकोबारच्या नशिबीही अशीच मोजकी मिनिटे आहेत. तिथे जमिनीचा हादरा हाच इशारा समजला पाहिजे.

महाराष्ट्राने आपण सुरक्षित आहोत, अशा भ्रमात राहू नये. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत आल्या आणि इथेही माणसे वाहून गेली. किती कोकणवासीयांच्या घरी ही आठवण सांगितली जाते? मकरानचा तो भाग आजही शांत झालेला नाही.

आपत्तीनंतर धावून जाण्यात आपला समाज कधी मागे पडलेला नाही. त्सुनामीनंतरही देशभरातून कार्यकर्ते किनाऱ्यावर पोहोचले, त्यांनी प्रेते उचलली, घरे उभारली. ती सेवा थोरच. पण आपत्तीपूर्वी दिलेले ज्ञान हीसुद्धा सेवाच आहे आणि तिच्यामुळे प्रेते उचलण्याची वेळच टळू शकते. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना सज्जतेबद्दल २०२० मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. कोणत्या वाटेने पळायचे, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचे, हे तिथे आधीच ठरलेले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांनी, ग्रामपंचायतींनी, मच्छीमार संस्थांनी आणि तिथल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ठरवायला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावातील उंच जागा कोणती, तिथवर पायी किती मिनिटे लागतात आणि पहिली लाट ओसरल्यावर खाली उतरायचे नाही, कारण पुढची लाट अधिक मोठी असू शकते, एवढे तरी प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. समुद्र पुन्हा मागे हटेल, तेव्हा आपली मुले शिंपले वेचायला धावतील की डोंगराकडे, हे आज घराघरांत काय सांगितले जाते त्यावर ठरणार आहे.