पीएचच्या आधी केएच

“पाणी बदललं आणि मासे गेले.” पावसाळा लागला की ही तक्रार हमखास कानावर येते. गेल्या महिन्यात एका स्नेह्यांचा असाच फोन आला. चार फुटी टँक, पाच वर्षांची. आत सहा एंजल, एक जुना प्लेको आणि टेट्रांचा थवा. मासे कधी आजारी पडले नाहीत, म्हणून पाणीही फारसं बदललं गेलं नाही. उडून जाईल तेवढं वरून घालायचं, एवढंच. घरी पाहुणे येणार होते, म्हणून सकाळी त्यांनी अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि अँटिक्लोरीन टाकून नळाचं स्वच्छ पाणी भरलं. दुपारी एंजल पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत चार गेले.

मी पोचलो तेव्हा झाडांना घालायला ठेवलेलं जुनं पाणी बादलीत शिल्लक होतं. ते तपासलं. पीएचच्या नळीतलं पाणी पिवळंधमक झालं. पट्टीवरचा सर्वांत खालचा, सहाचा रंग. मग केएच पाहिला. पाच मिलीलिटर पाण्यात पहिला थेंब पडला की पाणी निळं व्हायला हवं. पुढचे थेंब मोजत जायचे आणि ते पिवळं झालं की थांबायचं. इथे पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं. नळाच्या पाण्याला सहा थेंब लागले आणि त्याचा पीएच निघाला ७.८. या चाचण्यांना पाच मिनिटं लागली. त्या सकाळी करून पाहिल्या असत्या, तर चारही एंजल आज असते.

काय घडलं ते नीट समजून घेऊ. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. टँकमध्ये तयार होणारं आम्ल हा साठा गिळतो आणि पीएच जागेवर ठेवतो. आम्ल रोजच तयार होत असतं, कारण फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हाच ते सुटतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे जेमतेम अठरा मिलिग्रॅम. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी घातलेलं थोडंसं नवं पाणी हा खर्च भरून काढत नाही. साठा संपला की पीएच घसरतो, सहाच्या आसपास जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि अमोनियम फारसा विषारी नाही. त्यात पीएच ७.८चं पाणी ओतलं की तोच साठा विषारी अमोनियात बदलू लागतो. सोरेन्सन यांनी १९०९ साली आखलेली पीएचची मोजपट्टी दहापटीची आहे. त्यामुळे दोन अंकांच्या चढाने विषारी भाग जवळपास शंभरपट होतो. नव्या पाण्यात काहीच दोष नव्हता. जुन्या पाण्यात काय दडलंय हे कुणी पाहिलं नव्हतं.

अशी जुनी टँक कुणाकडे असेल तर एकदम धुवायला घेऊ नका. आधी अमोनिया तपासा, खाणं निम्म्यावर आणा आणि रोज पाच ते दहा टक्केच पाणी बदला. दोन-तीन आठवडे लागतील, लागू द्या.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. धरणात गढूळ पाणी आलं की शुद्धीकरण केंद्रात तुरटी जास्त पडते आणि तुरटी क्षारता खाते. एक मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम. शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच, त्यामुळे धरणाचं पाणीही पातळ झालेलं असतं. मे महिन्यात ज्या नळाचा केएच तुम्ही मोजला, तोच नळ ऑगस्टमध्ये वेगळं पाणी देऊ शकतो. वर्षातून एकदा तपासून भागत नाही.

आता बाटल्यांविषयी. आमचे दुकानदार मित्र रागावतील, तरीही हे लिहायला हवं. “पीएच डाउन”चे थेंब आठ केएचच्या पाण्यात टाकले की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेत निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी पीएच बराचसा पूर्वीच्या जागी. माणूस पुन्हा थेंब टाकतो. चार-सहा दिवस हे चालतं, आत साठा आटत जातो आणि मग एका रात्री पीएच कोसळतो. काही बाटल्यांत फॉस्फेट असतं; शेवाळ वाढतं ते वेगळंच. ग्राहकाला केएच न विचारता ही बाटली हातात देणं हा चांगला धंदा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पीएच खरोखर खाली आणायचा असेल तर साठा कमी करावा लागतो. आरओचं पाणी मिसळणं हा सरळ मार्ग. आठ केएचचं नळाचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की केएच चार होतो. केएचचं गणित असं बेरीज-भागाकाराचं आहे, पीएचचं नाही. देशी बदामाची पानं आणि लाकूड यांचा परिणामही साठा कमी असेल तरच दिसतो. उलट साठा वाढवायचा असेल तर शंभर लिटरला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा केएच एका अंशाने वाढवतो. एका दिवशी एका अंशापेक्षा जास्त वाढवू नका आणि सोड्याआधी अमोनिया तपासायला विसरू नका.

पण मुळात पाण्याशी झगडावं तरी किती? दख्खनच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड, बायकार्बोनेटने भरलेलं असतं. त्यात मलावी सरोवराचे सिक्लिड, मॉली, गप्पी आनंदाने राहतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी हलकं, किंचित आम्लधर्मी. तिथे टेट्रा, बार्ब, फायटर शोभतात. त्याच पाण्यात मॉली पर मिटून कोपऱ्यात बसते. ती हवीच असेल तर फिल्टरमध्ये मूठभर धुतलेले शिंपले टाका. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी सावरलं की विरघळणं आपोआप मंदावतं. शेतकरी जमिनीचा सामू पाहून पीक ठरवतो, तसा आपण नळ पाहून मासा ठरवावा. अंडी फलवायची असतील, निऑन किंवा डिस्कसची, तर हलकं पाणी हवंच. घरात नुसते पाळायचे असतील तर पाळीव पिढ्यांतले बहुतेक मासे स्थिर पाणी मागतात, पुस्तकातला आकडा नव्हे.

मोजण्याची वेळही ठरलेली असू द्या. वनस्पतींच्या टँकमध्ये पहाटे पीएच सर्वांत कमी आणि दिवे मालवताना सर्वांत जास्त असतो. अर्ध्या-एक अंकाची ही रोजची ये-जा कार्बन डायऑक्साइडची असते आणि मासे ती सोसतात. बोअरच्या ताज्या पाण्यातही हा वायू कोंडलेला असतो, म्हणून ते चोवीस तास हवा देऊन मगच मोजा.

घाऊक व्यापाऱ्यांना एक सांगणं आहे. चेन्नई-कोलकात्याहून आलेल्या पिशवीत माशांच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया साचलेला. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होऊ लागतो. तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणं अशा वेळी घातक ठरतं. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, उघडल्यावर मासे लगेच जाळीने काढा आणि केएच-पीएच जुळवून ठेवलेल्या टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी गटारात.

शेवटी एक विनंती. या महिन्यात आपल्या नळाचा, विहिरीचा किंवा बोअरचा केएच मोजा; चोवीस तासांनंतरचा पीएच मोजा. गाव, पाण्याचा स्रोत, तारीख आणि हे दोन आकडे एका पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. दिवाळीनंतर हेच मोजमाप पुन्हा करा आणि तेही कळवा. आलेले आकडे गाववार छापू. आणि दुकानदारांनी आजपासून माशांच्या प्रत्येक पिशवीवर मार्करने आपल्या टँकचा केएच आणि पीएच लिहावा.