पिकअपचं नाक वर करताय? आधी टायरची आतली कड बघा



३१ जुलैला बंदी संपते. त्याआधीच्या दोन महिन्यांत आपण ट्रॉलरची काय काय बडदास्त ठेवतो! जाळी शिवतो, तळ खरवडतो, रंग काढतो, शाफ्ट तपासतो. मासळी वाहणारी पिकअप मात्र मांडवाखाली उभी असते. तिच्याकडे लक्ष गेलंच तर एकच काम होतं, पुढून दोन इंच उचलून घ्यायची. जेटीच्या उतारावर बंपर घासतो, भरतीला वाटेवर पाणी येतं, खड्डे तर विचारू नका. कारणं खोटी नाहीत. मीही उचलली होती.

आमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे. बोल्ट पिळला की नाक वर. अर्ध्या तासाचं काम, खर्च चहापाण्याएवढा. मेकॅनिक म्हणाला, "अलाइनमेंट नंतर बघू." ते नंतर काही आलंच नाही. हंगाम सुरू झाला, कुणाला वेळ होता?

चौथ्या महिन्यात मेव्हणा पहाटे बांगडा भरून बेळगावला निघाला आणि साखळीच्या अलीकडे डावा पुढचा टायर फुटला. रस्ता सपाट होता म्हणून गाडी आवरली. पुढे केरीहून चोर्ल्याचा चढ लागतो. तिथल्या वळणावर फुटला असता तर काय झालं असतं, हे आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. टायर उतरवून पाहिला. बाहेरची नक्षी छान, आतल्या कडेला तारा दिसत होत्या. रोज गाडीजवळून जाणाऱ्याला ते दिसणारच नाही, खाली वाकावं लागतं.

असं का होतं ते आपल्याला समजायला अवघड नाही. इंजिनाचा फाउंडेशन बोल्ट थोडा जरी हलवला तरी आपण शाफ्टची लाइन पुन्हा लावतो, नाहीतर बुश खाल्ला जातो. हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. गाडीचंही तसंच. पुढचं चाक वरखाली दोन आर्मवर झुलतं आणि वरचा आर्म सहसा खालच्यापेक्षा आखूड असतो. गाडी उचलली की दोन्ही आर्म जास्त तिरके होतात, पण सारखे नाही. त्यामुळे चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि बाहेरची कड झिजते. हा झाला कॅम्बर.

त्याहून वाईट टो, म्हणजे दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की एकमेकांपासून लांब. स्टिअरिंगचा टायरॉडही तिरका होतो आणि तिरकी काठी आडवी मोजली तर आखूडच भरते. रॉड चाकाच्या आसामागे असेल तर बहुतेक गाड्यांत चाकाची मागची बाजू आत ओढली जाते आणि तोंड बाहेर फाकतं. मग आतली कड जाते. आमचं हेच झालं होतं. रॉड आसापुढे असेल तर उलट.

हिशेबच करा. दोन चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजलं आणि फक्त ३ मिलिमीटर फरक निघाला, तरी ७०० मिलिमीटर व्यासाचं प्रत्येक चाक दर किलोमीटरला दोन मीटरहून जास्त आडवं फरफटतं. बेळगाव शंभर किलोमीटरच्या पुढे. म्हणजे एका खेपेत, एका बाजूने, दोनशे मीटरहून जास्त रबर रस्त्यावर घासायचं. सुकाणू वाकडं धरून बोट सरळ चालवल्यासारखंच हे. डिझेलही जादा जातं.

पुढे पाटे आणि सरळ एक्सल असलेल्या गाडीत एवढं होत नाही. कॅम्बर आणि टो एक्सलवरच बांधलेले असतात, ते उंचीने हलत नाहीत. पण स्टिअरिंगचा लांब रॉड तिरका होतो, सरळ रस्त्यावर व्हील वाकडं दिसतं आणि खड्ड्यात गाडी आपोआप बाजूला खेचते. पाट्याखाली पाचर घातली किंवा शॅकल बदलला तर कॅस्टरही बदलतो.

आपल्या धंद्यात आणखी एक भानगड आहे. बर्फ आणि क्रेट भरले की मागची बाजू बसते आणि नाक आणखी वर जातं. स्टिअरिंग हलकं लागतं, पहाटे समोरच्याच्या डोळ्यांत आपला डिपर जातो. म्हणून रिकाम्या गाडीवर केलेली अलाइनमेंट भरल्या गाडीला लागू पडेलच असं नाही. नेहमी असतो तेवढा भार टाकूनच करून घ्या, सेंटरवाला कुरकुरला तरी. आणि मासळीच्या खाऱ्या पाण्याने अलाइनमेंटचे बोल्ट गंजून धरतात. आमचे दोन कापावे लागले. बंदीच्या दिवसांत गाडी उभीच असते, तेव्हा ग्रीस लावायला काय जातं?

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमावाल्याला हात वर करायला निमित्त आपणच द्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे. बंपर घासतो तो जेटीच्या उताराच्या तुटलेल्या कडेमुळे. ती कड दुरुस्त करून घेण्यासाठी सोसायटीने अर्ज करावा, पाठपुरावा करावा. एका उतारासाठी प्रत्येकाने आपापली गाडी वाकडी करणं हा उलटा कारभार झाला. ज्यांनी उचललीच आहे त्यांनी अलाइनमेंटचे पैसे त्याच खर्चात धरावेत, आणि दर पंधरा दिवसांनी पुढच्या टायरवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो बिघडला समजा.

आमची गाडी आता पहिल्या उंचीवर आहे. उतारावर बंपर अजून घासतो, मेव्हणा अजून शिव्या घालतो.