उद्दिष्ट आधी, फुलोरा नंतर

२७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून निघालेले एक प्रवासी विमान दिल्लीत सुखरूप उतरले. त्याच्या इंधनात जट्रोफाच्या, म्हणजेच मोगली एरंडाच्या, तेलापासून डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनवलेल्या इंधनाचा अंश होता. या प्रात्यक्षिकाचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. मात्र रसायनशास्त्राने आपले काम चोख केले, म्हणून वनस्पतिशास्त्रापुढचा प्रश्न सुटत नाही. पुरेशा बिया येणार कोठून?

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या व्यापक लागवडीचा आराखडा मांडला. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के, इतके खाली आले. या अपयशासाठी पडीक जमीन, पाणी आणि बाजारभाव यांना दोष दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. मूळ अडचण झाडाच्या फुलोऱ्यातच आहे.

मोगली एरंडाच्या एकाच फुलोऱ्यात नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. फळ धरते ते केवळ मादी फुलाला, आणि एका मादी फुलामागे नर फुले साधारणपणे दहा ते तीस असतात. झाड फुलांनी बहरलेले दिसले, तरी बियांची रास लहानच राहते.

हे प्रमाण बदलता येते. सायटोकायनिन गटातील बेंझिलअॅडेनिन या संप्रेरकाची फवारणी केल्यास फुलांची संख्या आणि त्यांतील मादी फुलांचा वाटा वाढतो, हे चीनमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. परंतु फळे वाढली त्या प्रमाणात बियांचे उत्पन्न वाढले नाही. काही फळे गळाली आणि बियांचे वजनही घटले. फुलांची संख्या वाढवली, तरी त्या सर्वांना पोसण्याची झाडाची ताकद तेवढीच राहते.

जिबरेलिनची कथा याहून उद्बोधक आहे. अनेक वर्षायू वनस्पतींत ते फुलोऱ्याला चालना देते, तर आंब्यासारख्या वृक्षांत ते फुलोरा रोखते. कोकणातील हापूस बागायतदार जिबरेलिनची निर्मिती रोखणारे पॅक्लोब्युट्राझॉल वापरतात ते याच कारणाने. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हेच द्रव्य मोगली एरंडावर वापरले, तेव्हा शाकीय वाढ आवरली गेली आणि बियांचे उत्पन्न वाढले.

संप्रेरकांच्या जोडीला जनुके असतात. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या फुलोरा-संकेताची कल्पना मिखाईल चैलाख्यान यांनी १९३७ मध्ये मांडली. एफटी जनुकाचे प्रथिन हाच तो संकेत, हे सिद्ध व्हायला २००७ उजाडले. मोगली एरंडात हे जनुक अतिसक्रिय केल्यावर रोपांना परीक्षानळीतच फुले आली. अशी अकाली फुले शेतात निरुपयोगी असली, तरी पिढ्यांमधील अंतर कमी करण्यासाठी पैदासकारांना ती मोलाची ठरू शकतात.

फवारणी हा कायमचा तोडगा नव्हे; पडीक जमिनीवर बिनखर्चाचे म्हणून सुचवलेले पीक खर्चिक रसायनांवर उभे करणे हा विरोधाभास होईल. खरा मार्ग आहे तो मादी फुलांचे प्रमाण अधिक असलेली झाडे हेरण्याचा, त्यामागची जनुके ओळखण्याचा आणि त्यांतून खात्रीचे वाण घडवण्याचा. करंजासारख्या उशिरा फळणाऱ्या वृक्षांत प्रौढ झाडाच्या कलमांनी प्रतीक्षेची काही वर्षे वाचवता येतात.

हंगामी पीक फसले तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. झाड फसले तर कित्येक वर्षे जातात आणि जमीनही अडकून पडते. म्हणूनच पुढचे हेक्टरचे आकडे जाहीर होण्यापूर्वी फुलोऱ्याचा अभ्यास पूर्ण व्हायला हवा. धोरणाची तारीख दिल्लीत ठरवता येते. झाडाच्या बहराची तारीख मात्र झाडच ठरवते.