एका पंख्याची रात्र

पंख्याशिवाय मला झोप येत नाही, हे आमच्या घरी सर्वश्रुत आहे. थंडीतदेखील तो चालू असतो आणि मी खाली दोन पांघरुणे घेऊन निजतो. यावर सौ.चे मत काय आहे, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण या सवयीपायी मी एक भरली लाँच समुद्रात खोळंबवून ठेवली, ते मात्र सांगितले पाहिजे.

लाँच हर्णैची, तांडेल माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. "सर, एकदा रात्रीचे आमच्याबरोबर या," असे तो कैक वर्षे म्हणत होता. २०२३ च्या ऑक्टोबरात अखेर गेलो. पिशवीत टॉवेल, औषधे आणि सौ.च्या नकळत घेतलेला टेबलफॅन.

जाळी ओढून झाली, मासळी बर्फात गेली. पहाटे बंदरात शिरायचे म्हणून सुवर्णदुर्गाच्या बाहेर नांगर टाकला आणि इंजिन बंद केले. उकाडा विलक्षण. केबिनमध्ये इन्व्हर्टर होता आणि त्याला प्लग लावायची सोय होती. भोके दिसली की शहरी माणसाला वाटते, पलीकडे विजेचा खांब आहेच! तांडेलांनी एकदा पंख्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "लावा मास्तर. पाहुणे तुम्ही." मी आठ तास गाढ झोपलो.

पहाटे चावी फिरवली तेव्हा इंजिनातून 'टक्' एवढाच आवाज आला. पुन्हा 'टक्'.

"सर, बॅटरी उतरली," विद्यार्थी म्हणाला. ताप उतरला की हायसे वाटते. मराठीतले हेच क्रियापद त्या पहाटे मला अगदी नकोसे वाटले.

मग त्याने मला हिशेब सांगितला. वर्गात मी त्याला विभक्ती शिकवीत असे, तितक्याच शांतपणे. बॅटरी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची. गुणाकार केला तर १२०० वॉट-तास, पण ते कागदावर. शिशाच्या बॅटरीतले निम्मे काढले की थांबावे; त्यातून ही तीन पावसाळे पाहिलेली. माझा पंखा ५० वॉटचा, आठ तासांचे ४०० झाले. शिवाय १२ चे २३० व्होल्ट करताना इन्व्हर्टर शेकडा दहा-पंधरा दलाली कापून घेतो, ती वेगळी. नांगरावरचा दिवा एलईडीचा. त्याने आणि चार खलाशांच्या मोबाइलांनी मिळून माझ्या मानाने नखभरच खाल्ले होते. इंजिन चालू असले की त्याच्या पट्ट्यावरचा अल्टरनेटर बॅटरी भरतो. पण इंजिन चालू करायलाच भरलेली बॅटरी लागते! लहान जुन्या इंजिनाला हाताने हँडल मारता येई. या सहा सिलिंडरच्या धुडाला ते शक्य नव्हते.

वायरलेस जेमतेम बोलत होता. दुसऱ्या लाँचने बॅटरी आणून दिली, तोवर दोन तास गेले. आमच्या डोळ्यांदेखत एकेक लाँच बंदराकडे जात होती. तांडेल काही बोलले नाहीत; बोलले असते तर बरे वाटले असते. लिलावाला आम्ही पोहोचलो तोवर बांगड्याचा भाव पडला होता. किती पडला, ते मला कोणीही सांगितले नाही.

मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीपूर्वी मी एक नवी बॅटरी पाठवली, ती मात्र ठेवून घेतली. आता जुनीच्या जागी आलेली ही बॅटरी फक्त इंजिनाची. दिवे, वायरलेस आणि मोबाइल यांना वेगळी, आणि मध्ये खटका, म्हणजे एकीचा उपवास दुसरीला घडत नाही. केबिनच्या टपावर मुलाने १०० वॉटचे सौरपत्रही बसवले आहे. चांगले ऊन असले तर दिवसाकाठी ते साधारण ४०० वॉट-तास देते. म्हणजे माझा एक पंखा, दलाली वगळून.

परवा विद्यार्थ्याने फोटो पाठवला. इंजिनाच्या बॅटरीवर तांडेलांनी तांबड्या तेलरंगात लिहिले आहे: 'मास्तर. हात लावू नये.'