बेरजेला शिकवू नका!

आजीच्या जुन्या वहीत दागिन्यांची वजनं आहेत, तोळे-मासे-गुंजांमध्ये. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या 96 गुंजा. वाटणीचा विषय निघाला आणि बेरजेचं काम माझ्या गळ्यात पडलं. हातानं करेन तर मी कसला! मॅथेमॅटिका उघडलं.

'वजन' नावाचा प्रकार केला, आत नुसत्या गुंजा. आता दोन वजनांची बेरीज कशी करायची? 'प्लस' या मूळ फंक्शनला कुलूप असतं. मी 'अनप्रोटेक्ट' म्हणून ते उघडलं आणि त्यालाच नवा नियम शिकवला. घाईत नियमात 'वजन' लिहायचंच राहिलं, नुसतं 'कुठलीही दोन' राहिलं. झालं! 2 अधिक 3 विचारलं तर उत्तराऐवजी इशाऱ्यांची रांग. तुम्ही दिलेले नियम मूळ नियमांच्या आधी लागतात ना, मग पाच कुठून येणार?

खरं तर सोय पहिल्यापासून आहे. नियम बेरजेला न चिकटवता 'वजन'लाच चिकटवायचा. याला अपव्हॅल्यू म्हणतात, आणि लिहायचं चिन्ह /: असं. मग कुलूप उघडावं लागत नाही. बाकीच्या बेरजांना या नियमाचा पत्ताही लागत नाही. आणि मघाची चूक इथे केली, तर 'वजन हे नाव डावीकडे सापडत नाही' म्हणून नियमच नाकारला जातो. मर्यादा एकच, नाव फार खोल दडलेलं चालत नाही, बेरजेच्या लगेच आत असावं लागतं.

माझं मत विचाराल तर, एका पाहुण्याला पोळी चालत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांचं जेवण बदलू नये. पाहुण्याचं पथ्य पाहुण्याबरोबर यावं.

नव्या नियमानं बेरीज केली. उत्तरात एक वजन आलं आणि शेजारी एकटाच '+ 3' उभा. वजन आणि नुसता आकडा यांचा नियम मी दिलाच नव्हता, म्हणून तो मिसळला नाही. वहीत एका ओळीत एककच लिहिलेलं नव्हतं! आत्याला फोन केला.

"अरे, तोळेच ते! तीन गुंजांच्या पाटल्या असतात का कधी?"

म्हणजे 288 गुंजा. गुपचूप तीन धरल्या असत्या तर कुणाच्या वाट्याला काय आलं असतं, देव जाणे. असो. वाटणी शांततेत पार पडली, हे नातेवाईक वाचकांना ठाऊक आहेच!