विश्लेषण : सर्व्हर बंद झाला, मग विकत घेतलेला गेम कोणाचा?

‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम 2014 मध्ये आला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून डिस्क घेतलेल्यांच्या हातात नुसती चकती उरली. एकट्याने खेळायचे म्हटले तरी हा गेम कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. यावर उपाय नाही, असे अनेकांना वाटते. पण अंतराळ साम्राज्यांच्या गेमसाठी तयार झालेल्या ‘थाउजंड पार्सेक’ या मुक्त प्रकल्पाने दोन दशकांपूर्वीच वेगळी वाट दाखवली होती.

‘थाउजंड पार्सेक’ काय आहे?

हा एक तयार गेम नाही, गेम बनवण्याचा सांगाडा आहे. 2002 मध्ये त्याची सुरुवात झाली. ग्रह शोधा, वसाहती वाढवा, साधनसंपत्ती वापरा आणि शत्रूला संपवा, या चार कामांवर चालणाऱ्या गेमना ‘फोर-एक्स’ म्हणतात. 1993 मधला ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा त्यातला गाजलेला गेम. असे गेम प्रत्येकाने शून्यापासून लिहिण्याऐवजी पाया एकच असावा आणि नियम आपापले लिहावेत, ही त्यामागची कल्पना. नावातला पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे.

त्याची रचना वेगळी कशी?

यात सर्व्हर आणि क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरचा प्रोग्रॅम, हे स्वतंत्र आहेत. दोघे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, तो प्रोटोकॉल सर्वांसाठी खुला आहे. यूपीआयचे उदाहरण घ्या. तुमचे ॲप एक, दुकानदाराचे दुसरे, तरी पैसे पोहोचतात, कारण मधली भाषा ठरलेली आहे. इथेही एक सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, दुसरा पायथॉनमध्ये. क्लायंटही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या भाषांत लिहिले.

सर्वांत हुशारीचा भाग पुढे आहे. क्लायंटला गेमचे नियम आधी माहीत असण्याची गरज नाही. हॉटेलात बसल्यावर मेनूकार्ड समोर येते, तसा सर्व्हर क्लायंटला सांगतो, की या गेममध्ये अमुक आज्ञा देता येतात आणि प्रत्येक आज्ञेसाठी अमुक माहिती लागते. खेळाडू आपल्या आज्ञा पाठवतात, फेरी संपली की सर्व्हर सगळ्यांचा निकाल एकदम लावतो. त्यामुळे ‘रिस्क’ या बोर्डगेमवर बेतलेले नियम असोत वा ‘मिनीसेक’सारखे छोटे अंतराळयुद्ध, क्लायंट तोच चालतो.

मग हा प्रकल्प घराघरात का पोहोचला नाही?

मुक्त सॉफ्टवेअरच्या कौतुकात हा प्रश्न टाळला जातो, तो टाळू नये. ‘गुगल समर ऑफ कोड’मधून अनेक विद्यार्थ्यांनी ‘थाउजंड पार्सेक’साठी काम केले, पण गेली अनेक वर्षे प्रकल्प जवळपास थंड आहे. माझ्या मते सांगाडा बांधणाऱ्यांना सांगाड्यातच रस वाटू लागतो, हे यामागचे एक कारण आहे. खेळणाऱ्याला प्रोटोकॉल नको असतो, त्याला रात्री दोनपर्यंत जागवणारा गेम हवा असतो.

याउलट ‘फ्रीओरायन’ बघा. ‘मास्टर ऑफ ओरायन’पासून प्रेरणा घेतलेला हाही मुक्त प्रकल्पच. त्याने एकच गेम हाती घेतला आणि स्वयंसेवकांच्या बळावर तो वाढवत नेला. त्याची 0.5 ही आवृत्ती 2023 मध्ये आली. कोड खुला केला म्हणजे गेम जगेलच असे नाही. पण कोड बंद असेल तर तो जगवायची संधीही कोणाला मिळत नाही.

आपल्याला याचा काय संबंध?

आपल्याकडे 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि 30 ऑक्टोबरला सर्व्हर थांबले. तिथे कारण सरकारी निर्णयाचे होते, ‘द क्रू’मध्ये कंपनीचे. खेळाडूच्या हातात मात्र दोन्हीकडे सारखेच उरले : काही नाही.

युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या मागणीपत्रावर 2025 मध्ये 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला. ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ असे बटण दाखवता येत नाही.

कंपन्यांचे म्हणणे काय?

खासगी सर्व्हरवर कंपन्यांसारखी सुरक्षा नसते आणि जबाबदारी हक्कधारकांवर येऊ शकते, असे ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ ही उद्योग संघटना म्हणते. मुद्दा अगदीच पोकळ नाही. जुन्या गेमचा कोड इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गुंतलेला असतो, तो नंतर सोडवणे महाग पडते. पण ‘द क्रू’वरून गदारोळ झाल्यावर युबिसॉफ्टनेच सप्टेंबर 2024 मध्ये ‘द क्रू 2’ला ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले. म्हणजे ठरवले तर जमते.

काय व्हायला हवे?

कंपन्यांनी सर्व्हर कायम चालवावेत, ही मागणी अवाजवी आहे. पण गेम बंद करताना तो ऑफलाइन चालेल अशी सोय द्यावी किंवा सर्व्हरशी बोलण्याची भाषा तरी खुली करावी, एवढे मागायला हरकत नाही. त्याची तयारी मात्र गेम बांधतानाच करावी लागते. ‘थाउजंड पार्सेक’ने ती पहिल्या दिवसापासून केली होती. आज तो फारसा कोणी खेळत नाही, तरी उद्या चार मित्रांनी ठरवले, तर कोड उतरवून स्वतःचा सर्व्हर उभा करायला त्यांना कोणाची परवानगी लागणार नाही. ‘द क्रू’ची डिस्क घेणाऱ्यांना एवढेच हवे होते.