लांडग्याला कोतवाली, वाघाला शेंदूर

मुरबाड तालुक्यातल्या धसईत पावसाची झड लागली आणि वीज गेली की दुपार वाचायला मोकळी मिळते. यंदा अशा बऱ्याच दुपारी बिल विलिंगहॅम यांच्या ‘फेबल्स’ या इंग्रजी चित्रकथामालेत गेल्या. २००२ ते २०१५ या काळात तिचे दीडशे अंक निघाले. परीकथांमधली मंडळी आपापल्या मुलखातून परागंदा होऊन न्यूयॉर्कमध्ये लपून राहतात, ही त्यातली मूळ कल्पना. वस्तीचा कारभार हिमगौरी पाहते. आणि लाल टोपीवालीच्या आजीला गिळणारा लांडगा माणसाच्या रूपात त्या वस्तीचा कोतवाल झाला आहे. चुरगळलेला कोट, वाढलेली दाढी, ओठांत सिगारेट. ज्याची भीती, त्याच्याच हाती राखण.

हे वाचताना आपला वाघोबा आठवला. सह्याद्रीच्या या पट्ट्यात, पाड्याच्या शिवेवर, दगडावर किंवा फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य आणि अंगभर शेंदूर. वाघबारशीला गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरं सांभाळ म्हणून सांगतात. विलिंगहॅम यांना जे सुचलं, ते इथल्या ठाकूर, महादेव कोळी, वारली माणसांनी कधीच करून ठेवलं आहे. फक्त ते कोणी चित्रांतून, अंकामागून अंक, सांगितलं नाही.

आपल्याकडे उलटंच घडलं. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत परदेशी फँटमला ‘वेताळ’ म्हटलं गेलं. पोरांनी तो आवडीने वाचला, पण नाव आपलं आणि गोष्ट परक्याची. गावकुसाबाहेरचा, रात्री पालखी घेऊन फिरणारा खरा वेताळ आजीच्या तोंडीच राहिला. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी बालवाडीच्या पुढे गेलीच नाही. जंगलातल्या वाघाला चकवणारी ही बाई दीडशे अंक सहज पेलेल, असं मला मनापासून वाटतं. आणि गोष्टी शोधायला लांब कशाला, मच्छिंद्र-गोरख या नाथांच्या नावाचे तर दोन गडच आपल्या मुरबाड तालुक्यात उभे आहेत.

सामग्रीची वाण नाही. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनात आयुष्यं घातली. परवानगीचीही अडचण नाही, कारण लोककथा कोणा एकाच्या मालकीची नसते. सप्टेंबर २०२३मध्ये खुद्द विलिंगहॅम यांनी ‘फेबल्स’ सर्वांसाठी खुली केल्याचं जाहीर केलं. प्रकाशक डीसीने हक्क आपलाच असल्याचं लगेच सांगितलं, पण लेखकाची ती भावना मला पटते. लोकांकडून घेतलेलं लोकांना परत.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. यंदा एका तरुण चित्रकाराला सोळा पानं द्या. त्याला आधी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांजवळ बसून गोष्टी ऐकू द्या. आणि पुढच्या वर्षी नवं काही न मागता त्याच भोपळ्यातल्या म्हातारीला, त्याच वाघाला पुन्हा बोलवा.